रक्तगट व रक्ताचा मेळ : वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी पाठ-विचार

वरिष्ठ प्राथमिक वर्गांत रक्ताभिसरणाचा भाग संपत आला, की रक्तगटांचा उल्लेख ओघानेच येतो. पुष्कळ वर्गांत तो फळ्यावरील चार अक्षरे, एक कोष्टक आणि "ओ गट सर्वांना चालतो, एबी गटाला सर्वांचे चालते" या दोन वाक्यांत उरकला जातो. परीक्षेपुरते तेवढे पुरेसे असेलही. परंतु या पाठाचा विशेष असा, की मुले तो वहीत ठेवीत नाहीत, घरी नेतात. शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगटाचा रकाना असतो. घरात कोणाची शस्त्रक्रिया निघाली म्हणजे रक्ताची बोलणी मुलांच्या कानांवर पडतात. आणि आईचा गट कोणता, बाबांचा कोणता, आपला कोणता, हे ताडून पाहण्याची हौस कोणत्या मुलाला नसते? म्हणून वरील दोन वाक्ये कोठपर्यंत खरी आहेत आणि कोठे खरी राहत नाहीत, हे शिक्षकाला वर्गात पाऊल ठेवण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे.

रक्तात काय असते

प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. नळीत घेतलेले रक्त गोठू न देता स्थिर ठेवले, तर काही वेळाने त्याचे थर पडतात. वर पिवळसर, निवळ असा रक्तद्रव राहतो. तो निम्म्याहून किंचित अधिक भरतो. तळाशी तांबड्या पेशी बसतात आणि दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशी व रक्तबिंबिका यांची अगदी पातळ, फिकट अशी एक रेघ दिसते. लोटाभर गढूळ पाणी रात्रभर ठेवले असता माती तळाशी बसते, हे खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. तेथून आरंभ केल्यास विषय लवकर उमगतो.

तांबड्या पेशीचा आकार दोन्ही अंगांनी अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारखा असतो : कडेला जाड, मध्ये पातळ. तिचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या साडेसातपट, एवढाच. तिच्यात केंद्रक नसते. अस्थिमज्जेत तयार होऊन रक्तप्रवाहात येण्यापूर्वीच ती आपले केंद्रक टाकून देते. त्यामुळे हिमोग्लोबिन या लोहयुक्त द्रव्याला तिच्यात अधिक जागा मिळते, आणि फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन तो अंगभर पोचविण्याचे तिचे काम नीट चालते. मात्र केंद्रक नसल्यामुळे ती स्वतःची डागडुजी करू शकत नाही. सुमारे १२० दिवसांत ती जीर्ण होते आणि प्लीहा व यकृत यांमध्ये मोडून काढली जाते.

येथे गणिताच्या तासाशी सांगड घालण्याची चांगली संधी आहे. एक घन मिलिमीटर रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. पाच लिटर म्हणजे ५० लाख घन मिलिमीटर. गुणाकार केल्यास पंचवीस लाख कोटी ही संख्या येते. १२० दिवसांचे सेकंद होतात १ कोटी ३ लाख ६८ हजार. मुलांना भागाकार करावयास सांगावा. उत्तर सुमारे २४ लाख येते. म्हणजे मुले फळ्याकडे पाहत असताना जे एक सेकंद गेले, तेवढ्यात एका प्रौढ माणसाच्या हाडांच्या पोकळीत सुमारे २४ लाख तांबड्या पेशी नव्या तयार झाल्या आणि तितक्याच जुन्या नाहीशा झाल्या. हा आकडा सांगून टाकण्यापेक्षा मुलांच्या पाटीवर निघू द्यावा. रक्तदान केल्याने माणूस कायमचा अशक्त होतो, हा समज अद्याप पुष्कळ घरांत आहे. त्याला या भागाकाराहून चांगले उत्तर नाही.

पांढऱ्या पेशी संख्येने फार थोड्या, घन मिलिमीटरला चार हजार ते अकरा हजार. त्या रोगजंतूंचा नाश करतात, आणि त्यांच्यापैकी काही पेशी प्रतिपिंड नावाची संरक्षक द्रव्ये निर्माण करतात. रक्तबिंबिका दीड ते साडेचार लाख. जखमेच्या ठिकाणी रक्त गोठविण्याचे काम त्या करतात. या दोहोंविषयी या पाठात अधिक सांगण्याचे कारण नाही. प्रतिपिंड हा शब्द मात्र फळ्यावर लिहून ठेवावा, कारण पुढची सर्व हकीकत त्याच्याभोवती फिरते.

एकाचे रक्त दुसऱ्याला का चालत नाही

१६६७ साली पॅरिस येथे झाँ देनी या वैद्याने एका आजारी मुलाच्या शिरेत कोकराचे रक्त सोडले. तो मुलगा वाचला. रक्त फारच थोडे दिले गेले होते म्हणून वाचला, असे आज म्हणता येते. पुढच्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर असे प्रयोग बंद पडले. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी लंडन येथील जेम्स ब्लंडेल या डॉक्टरांनी मनुष्याला मनुष्याचेच रक्त देण्यास आरंभ केला. बाळंतपणातील रक्तस्रावाने डोळ्यांदेखत मरणाऱ्या स्त्रिया त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांचे काही रुग्ण वाचले, काही दगावले. तेच रक्त, तीच पिचकारी, तोच डॉक्टर. मग एक जगतो आणि दुसरा मरतो, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकात कोणालाही देता आले नाही.

ते उत्तर व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दिले. त्यांची पद्धत इतकी साधी होती, की ती वर्गात सांगताना मुलांना आश्चर्य वाटते. त्यांनी स्वतःचे व आपल्या सहकाऱ्यांचे थोडे थोडे रक्त घेतले. प्रत्येकाच्या रक्तातील पेशी एकीकडे काढल्या आणि रक्त गोठल्यावर सुटणारा निवळ रक्तरस दुसरीकडे. मग प्रत्येकाच्या पेशी प्रत्येकाच्या रक्तरसात मिसळून पाहिल्या. काही मिश्रणे एकजीव राहिली. काहींमध्ये पेशींचे पुंजके झाले, दही फुटावे तसे. कोणाच्याही स्वतःच्या रक्तरसाने स्वतःच्या पेशींचे पुंजके केले नाहीत. पुंजके कोठे होतात आणि कोठे होत नाहीत हे कोष्टकात मांडल्यावर माणसांचे तीन वर्ग आपोआप पडले. चौथा, विरळ असा एबी वर्ग पुढल्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना आढळला. या शोधाबद्दल लँडस्टायनर यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुंजके होणे आणि रक्त गोठणे या दोन क्रिया निराळ्या आहेत, हे येथे अवश्य सांगावे. बोट कापल्यावर रक्त गोठते ते जीव वाचविण्यासाठी. परके रक्त शिरेत गेल्यावर पेशींचे पुंजके होतात, त्या फुटतात, त्यांतील हिमोग्लोबिन रक्तद्रवात सांडते. रुग्णाला थंडी भरते, पाठ दुखू लागते, लघवी काळपट होते, मूत्रपिंडे निकामी होण्याचा व प्राण जाण्याचाही धोका असतो.

आता कारण पाहू. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करेच्या लहान लहान साखळ्या असतात. त्यांच्या टोकाशी काहींच्या पेशींवर ए नावाची खूण असते, काहींच्या बी, काहींच्या दोन्ही, काहींच्या दोहोंपैकी एकही नाही. या खुणांना प्रतिजन म्हणतात. आणि नियम असा, की जी खूण स्वतःच्या पेशींवर नाही, तिच्याविरुद्धचे प्रतिपिंड त्या माणसाच्या रक्तद्रवात असतात. ए गटाच्या माणसाजवळ बीविरोधी, बी गटाच्या माणसाजवळ एविरोधी, ओ गटाच्या माणसाजवळ दोन्ही, एबी गटाच्या माणसाजवळ एकही नाही. परके रक्त कधी अंगात न जाताही हे प्रतिपिंड कसे निर्माण होतात, असे चौकस मूल विचारीलच. आतड्यांतील जंतूंच्या अंगावरही अशाच शर्करा असतात. त्यांच्याशी गाठ पडून अर्भकाच्या पहिल्या काही महिन्यांत हे प्रतिपिंड तयार होऊ लागतात, असे मानले जाते.

चार पेल्यांचा प्रयोग

वर्गात मुलांच्या बोटाला सुई टोचून गट पाहण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. एकच सुई दोघांना लागली तर रक्तातून पसरणारे रोग एकापासून दुसऱ्याला होऊ शकतात, आणि शाळा हे त्याचे स्थानच नव्हे. त्याऐवजी चार काचेचे पेले, खाण्याचा लाल रंग आणि कपड्यांना घालावयाची नीळ एवढे साहित्य पुरते. पहिल्या पेल्यात लाल पाणी घ्यावे, तो ए. दुसऱ्यात निळे, तो बी. तिसऱ्यात दोन्ही रंग मिसळावेत. पाणी जांभळे होईल, तो एबी. चौथ्यात साधे पाणी, तो ओ.

आता लहान वाटीने एका पेल्यातील पाणी दुसऱ्यात ओतून पाहावे. घेणाऱ्या पेल्यात नवा रंग आला, तर रक्त जुळले नाही असे समजावे. साधे पाणी कशातही ओतले तरी नवा रंग येत नाही. जांभळ्यात लाल ओता, निळे ओता, ते जांभळेच राहते. लालात निळे पडले की मात्र लगेच दिसते. कोष्टक पाठ न करताही मुले सर्व उत्तरे स्वतः काढतात, आणि मागच्या बाकावरची मुले तर पेले हाती घेण्यासाठी भांडतात.

प्रयोग चांगला आहे, पण त्यात दोन उणिवा आहेत. त्या शिक्षकाने मुलांना सांगितल्या नाहीत, तर हा सोपा प्रयोगच त्यांच्या मनात एक चुकीची समजूत कायमची रुजवून ठेवील.

पहिली उणीव अशी, की तो केवळ तांबड्या पेशी देण्यापुरता खरा आहे. आज रक्तपेढीत एका पिशवीतील रक्ताचे घटक वेगळे करतात आणि ज्या रुग्णाला जे हवे ते देतात. रक्तद्रव द्यावयाचा असेल तेव्हा सारे उलट होते; कारण तेथे खुणा नव्हे, प्रतिपिंड दिले जातात. ओ गटाच्या रक्तद्रवात दोन्ही प्रतिपिंड असल्यामुळे तो केवळ ओ गटाच्याच माणसाला देता येतो, आणि एबी गटाचा रक्तद्रव कोणालाही चालतो. म्हणजे "सर्वांना चालणारा" हा मान कोणाचा, हे काय द्यावयाचे आहे त्यावर ठरते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. साध्या पाण्याचा पेला पाहून मुलांस वाटते, ओ गटाच्या पेशीवर काहीच नसते. ही समजूत मुलांचीच नव्हे. जर्मन भाषेत या गटाला आजही "शून्य" असेच म्हणतात. परंतु तो पेला शून्य नाही, हे उघडकीस आणण्याचा मान आपल्याच राज्याच्या राजधानीकडे जातो.

मुंबईचा रक्तगट

परळ येथील सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. य. मो. भेंडे व त्यांचे सहकारी रक्तगटांचे काम करीत असत. तेथे दोन रुग्णांच्या रक्ताचा एक पेच उभा राहिला. एक रेल्वेच्या अपघातात जखमी झालेला, दुसरा भोसकला गेलेला. दोघांनाही रक्ताची गरज होती. त्यांच्या पेशींवर ए नाही, बी नाही. म्हणजे नेहमीच्या हिशेबाने गट ओ. पण ओ गटाच्या दात्यांच्या पेशी त्यांच्या रक्तरसात मिसळल्या, तर त्यांचेही पुंजके झाले. दात्यांमागून दाते तपासले तरी तेच. जे रक्त सर्वांना चालावयाचे, तेच या दोघांना चालेना.

भेंडे, देशपांडे व भाटिया यांनी लंडन येथील रेस, सँगर इत्यादी संशोधकांच्या साहाय्याने या रक्ताचा अभ्यास करून १९५२ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेव्हापासून हा प्रकार साऱ्या जगात "बॉम्बे रक्तगट" या नावाने ओळखला जातो.

त्याचे मर्म मुलांना खुंटीच्या दृष्टांताने सांगता येईल. भिंतीत एक खुंटी आहे अशी कल्पना करावी. ए गटाच्या घरी त्या खुंटीवर टोपी टांगलेली असते, बी गटाच्या घरी उपरणे, एबी गटाच्या घरी काही खुंट्यांवर टोप्या तर काहींवर उपरणी. ओ गटाच्या घरी खुंटी रिकामी असते. पण ती असते. या खुंटीला एच प्रतिजन म्हणतात. बॉम्बे गटाच्या माणसाच्या भिंतीत खुंटीच नाही. म्हणून त्याच्या रक्तद्रवात एविरोधी व बीविरोधी प्रतिपिंडांबरोबर एचविरोधी प्रतिपिंडही असतात, आणि ओ गटाची रिकामी खुंटीसुद्धा त्यांना परकी वाटते. अशा माणसाला अशाच माणसाचे रक्त लागते.

भारतात दहा हजारांत सुमारे एक मनुष्य या गटाचा असतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. युरोपात तो दहा लाखांत एक इतका दुर्मिळ. एखाद्या जिल्ह्याची लोकवस्ती वीस लाख धरली, तर या हिशेबाने त्या जिल्ह्यात दोनशे माणसे या गटाची निघतील. त्यांतील बहुतेकांना स्वतःला याची कल्पना नसते, आणि पुष्कळांच्या कागदावर "ओ" असेच लिहिलेले असण्याचा संभव आहे. कारण केवळ पेशी तपासून थांबले तर बॉम्बे आणि ओ यांत फरक दिसत नाही. तो दिसतो उलट बाजूने तपासल्यावर, म्हणजे त्या माणसाचा रक्तरस ओ गटाच्या पेशींशी मिसळून पाहिल्यावर. म्हणूनच रक्तपेढीत पेशी आणि रक्तरस दोन्ही तपासतात, आणि शेवटी दात्याच्या पेशी प्रत्यक्ष रुग्णाच्या रक्तरसाशी जुळवून पाहतात. ही जुळवणी रूबेन ऑटेनबर्ग यांनी न्यूयॉर्कमध्ये १९०७ साली सुरू केली. अक्षरे जुळली तरी ती टाळीत नाहीत. परळ येथेच १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन झाले. आज ते नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या नावाने काम करीत असून न उलगडणारे रक्ताचे नमुने तेथे तपासले जातात.

ऱ्हीसस गटाचा, म्हणजे अक्षरापुढील अधिक व उणे या चिन्हांचा, येथे ओझरता उल्लेख पुरे. तो १९४० साली लँडस्टायनर व वीनर यांनी प्रसिद्ध केला. भारतात शंभरांत सुमारे पाच माणसे उणे गटाची असतात. या गटाचे प्रतिपिंड जन्मतः नसतात, परके रक्त अंगात गेल्यावर तयार होऊ शकतात. आई उणे व बाळ अधिक असेल तेव्हा पुढच्या अपत्याला होणारा धोका टाळण्यासाठी आईला वेळेवर इंजेक्शन देतात. गरोदरपणात प्रत्येक स्त्रीचा रक्तगट तपासतात, त्याचे हे एक मोठे कारण होय.

आई-वडिलांचे गट व गृहपाठ

या पाठानंतर "घरातील सर्वांचे रक्तगट लिहून आणा आणि कोष्टकाशी ताडून पाहा" असा गृहपाठ देण्याची प्रथा काही वर्गांत दिसते. हेतू चांगला असतो. पण ही प्रथा सोडून द्यावी, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

कोष्टक असे सांगते, की आई-वडील दोघेही ओ असतील तर मूल ओच असते. आता एका घराची कल्पना करावी. आईच्या कागदावर ओ, वडिलांच्या कागदावर ओ, आणि सातवीतील मुलीच्या ओळखपत्रावर बी. मुलगी भर वर्गात उभी राहून विचारते, "बाई, माझाच गट वेगळा कसा? कोष्टकात तर असं होत नाही." चाळीस मुले ऐकत असतात. पैकी दहा जणांच्या घरी ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पोचणार. गावात अशा गोष्टीला कोणते पाय फुटतात आणि त्याचा ताप कोणाच्या वाट्याला येतो, हे शिक्षकांस सांगावयास नको.

तिला खरे उत्तर देता येते. खुंटीचाच दृष्टांत पुढे न्यावा. आईच्या घरी उपरणे पेटीत होते. पण भिंतीत खुंटी नव्हती, म्हणून ते कोणाला दिसले नाही आणि तपासणाऱ्याने ओ लिहिले. मुलीने आईकडून उपरणे घेतले, वडिलांकडून खुंटी घेतली. तिच्या घरी उपरणे खुंटीवर टांगले गेले आणि ती बी गटाची ठरली. आई तिचीच, वडीलही तिचेच. एच खुंटीचा गुण आणि ए-बी यांचा गुण वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्यामुळे असे घडते. ही केवळ कागदावरची शक्यता नव्हे. अमेरिकेत फिलिप लेव्हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली अशाच एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली : ओ भासणाऱ्या आईने आपल्या मुलीस बी गुण दिला होता. कोष्टकाला याखेरीजही काही विरळ अपवाद आहेत. आणि या सर्वांहून नेहमीचे कारण अगदी साधे असते : कोणाच्या तरी कागदावर गट चुकीचा लिहिलेला असतो.

तेव्हा रक्तगटाच्या कोष्टकावरून कोणाच्या मातापित्यांविषयी वर्गात निष्कर्ष काढू नये, काढू देऊ नये. वंशपरंपरेचा नियम शिकवावयाचा असल्यास काल्पनिक कुटुंबांची उदाहरणे द्यावीत. वाटाण्याच्या वेलींनीही काम भागते. दुसरा एक भ्रम मुलांच्या बोलण्यात कधी कधी डोकावतो, तोही तेथल्या तेथे दूर करावा : अमक्या जातीचे वा धर्माचे रक्त निराळे असते, हा. सख्ख्या भावंडांचे गट भिन्न असू शकतात आणि परक्या गावच्या, परक्या धर्माच्या माणसाचा गट आपल्याशी जुळू शकतो. रक्तपेढीच्या पिशवीवर गट, तारखा आणि तपासण्यांची नोंद असते. दात्याच्या जातीची नसते.

ओळखपत्र भरताना

ओळखपत्रातील रक्तगटाचा रकाना पालकांच्या तोंडी माहितीवरून किंवा मुलाच्या सांगण्यावरून भरू नये. रक्तपेढीचा अगर प्रयोगशाळेचा अहवाल समोर असेल तर भरावा, नसेल तर मोकळा ठेवावा. मोकळा रकाना पाहून रुग्णालयात तपासणी होते. चुकीचे अक्षर पाहूनही तपासणी होतेच, पण घरच्यांची धावपळ मात्र भलत्याच दात्यांच्या शोधात होते. अपघाताच्या वेळी ओळखपत्रावरील अक्षर वाचून कोणी डॉक्टर रक्त देत नाही, हेही पालकसभेत सांगून ठेवावे. तपासणीस थोडा वेळ लागतो, आणि "कागदावर लिहिले आहे ना, मग उशीर कशाला?" म्हणून रुग्णालयाच्या दारात भांडणे होतात, त्यांतील काही तरी अशाने टळतील.

मुले स्वतः रक्तदान करू शकत नाहीत. त्यासाठी वय १८ वर्षे पूर्ण, वजन किमान ४५ किलोग्रॅम आणि हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात १२.५ ग्रॅम असावे लागते. एकदा रक्त दिल्यावर पुरुषाला तीन व स्त्रीला चार महिने थांबावे लागते. दिलेल्या तांबड्या पेशी शीतकपाटात सुमारे पाच ते सहा आठवडेच टिकतात. त्यामुळे गणेशोत्सवात जमलेल्या पिशव्या दिवाळीनंतरच्या रुग्णांना पुरत नाहीत.

"बॉम्बे गटाच्या माणसाला रक्त लागले तर ते आणावयाचे कोठून?" हा प्रश्न वर्गातून येतोच. अशा दात्यांच्या याद्या ठेवलेल्या असतात, आणि रक्त एका शहरातून दुसऱ्या शहरास पाठविले जाते. पूर्वनियोजित शस्त्रक्रिया असेल तर त्या माणसाचे स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवता येते. परंतु पहिला शोध घेतात तो घरातच. खुंटी नसण्याचा गुण आई व वडील दोघांकडूनही यावा लागतो. दोघांमध्येही तो दडलेला असेल, तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास हा गट येण्याचा संभव चारांत एक असतो. नात्यात लग्ने होणाऱ्या कुटुंबांत असा योग अधिक जुळतो. म्हणून असा रुग्ण आढळला की रक्तपेढीतील लोक त्याला प्रथम विचारतात, ते किती भाऊ-बहिणी आहेत आणि त्या कोणत्या गावी असतात, हे.